संग्रहालयातले हत्ती, एप, ओर्का : ही शेवटची पिढी ठरवावी का?

पानगळ

प्राणिसंग्रहालयं असावीत की नसावीत यावर इथे आधीही धागे पेटून विझले आहेत. तो वाद मला पुन्हा उकरायचा नाही. माझा प्रश्न त्याहून आखूड आहे. हत्ती, चिंपांझी-गोरिला-ओरांगउटान हे एप, ओर्का (किलर व्हेल)-डॉल्फिन आणि ध्रुवीय अस्वल, या हुशार मानलेल्या प्राण्यांचंच बंदिवासातलं प्रजनन आता थांबवावं का? जे आहेत त्यांना शेवटपर्यंत नीट सांभाळायचं, पण नवं पिल्लू जन्माला घालायचं नाही आणि रानातूनही नवं आणायचं नाही.

हेच प्राणी का, ते सांगतो. २००३ साली 'नेचर'मध्ये क्लब आणि मेसन या दोन संशोधिकांचा मांसाहारी प्राण्यांवरचा निबंध आला होता. पिंजऱ्यात कोण रुळतो, कोण कायम येरझारा घालत राहतो, कुणाची पिल्लं जास्त दगावतात याची त्यांनी तुलना केली. संबंध निघाला तो प्राणी रानात किती मोठ्या टापूत फिरतो याच्याशी. शिकारीची हौस भागते की नाही याच्याशी निघाला नाही. ध्रुवीय अस्वलाला मिळणारं आवार त्याच्या किमान टापूच्या साधारण दहा लाखाव्या हिश्शाएवढं असतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं गस नावाचं अस्वल १९९०च्या दशकात तासन्‌तास इंग्रजी आठच्या आकारात पोहत असे. त्याच्यासाठी वर्तनतज्ज्ञ बोलावला, आवारात बदल केले, खेळणी दिली. फरक पडला, सवय पूर्ण गेली नाही.

पुढे २००८ मध्ये याच दोघींनी सहकाऱ्यांसोबत 'सायन्स'मध्ये हत्तिणींचा हिशोब मांडला. युरोपातल्या संग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकन हत्तिणीचं मध्यक आयुष्य (निम्म्या त्याआधी मरतात, निम्म्या नंतर) १६.९ वर्षं, केनियातल्या अंबोसेलीत नैसर्गिक मरण आलेल्या हत्तिणींचं ५६. आशियाई हत्तिणींत संग्रहालयातलं १८.९, तर म्यानमारमध्ये लाकूडकामावर असलेल्या हत्तिणींचं ४१.७. ओंडके ओढणारी हत्तीण बसून खाणाऱ्या हत्तिणीच्या दुपटीहून जास्त जगते. यात उपासमार नाही, औषधपाण्याची हेळसांड नाही. उलट वजन वाढलेलं, पायांना जखमा, सांधे धरलेले. म्हणजे आपण देऊ शकतो ते सगळं देऊनही हे होतंय.

मतं मांडा. 'मग मांसाहाराचं काय' हा मुद्दा कृपया वेगळ्या धाग्यावर.

तिरपांगडा

आलाच विषय. रानात हत्ती काय मखमलीवर झोपतो? दुष्काळ आहे, शिकारी आहेत, रेल्वे आहे, विजेच्या तारा आहेत. ते ५६ वर्षं 'नैसर्गिक मरण' धरून आहे म्हणे. माणसाने मारलेले बाजूला काढायचे, आकडा फुगवायचा आणि संग्रहालयाला झोडायचं. छान.

बोरू

तिरपांगडा, तोही आकडा त्याच निबंधात आहे. माणसांनी मारलेल्या हत्तिणी धरल्या तरी अंबोसेलीचं ३५.९ येतं. १६.९ च्या दुपटीहून जास्तच.

टीका करायची तर जागा दुसरीकडे आहे. ती माहिती १९६० ते २००५ या काळातली. साठ-सत्तरच्या दशकात हत्ती सिमेंटच्या फरशीवर साखळीने बांधून ठेवत, आज बऱ्याच ठिकाणी वाळूची जमीन आहे. आफ्रिकन हत्तिणींचं प्रौढ वयातलं जगणं काळानुसार सुधारलं असं निबंधच सांगतो. पण २००५ पर्यंत येऊनही मृत्यूचा धोका अंबोसेलीच्या २.८ पट होता, हेही तोच सांगतो.

मला जास्त खटकली ती त्यापुढची ओळ. आशियाई हत्तींमध्ये संग्रहालयात जन्मलेल्या हत्तिणी रानातून आणलेल्यांपेक्षा लवकर मरतात. मोठेपणी दोघींचं आवार तेच, खाणं तेच, डॉक्टर तोच. म्हणजे जे काही बिघडतं ते जन्माच्या आसपासच बिघडत असणार. एका संग्रहालयातून दुसऱ्यात हलवण्याचाही फटका दिसतो. पानगळ, प्रजननाच्या तुमच्या प्रश्नाला हा मुद्दा थेट लागतो, तोच तुम्ही घेतला नाहीत.

खारूताई

पानगळ, प्रजनन थांबवा म्हणताय, पण प्रजननानेच तर जीव वाचलेत. १९८७ मध्ये जगात २७ कॅलिफोर्निया कॉन्डॉर (एक जातीची गिधाडं) उरले होते. सगळे पकडून आणले, वाढवले, आज पाचशेच्या वर आहेत. अरबी ओरिक्स हे हरिण १९७२ मध्ये रानातून संपलं. बंदिवासात वाढवलेली जनावरं १९८२ मध्ये ओमानमध्ये सोडली. तसाच प्रझेवाल्स्कीचा घोडा, तसंच सोनेरी सिंह टॅमरिन हे माकड. उद्या रानातला हत्ती संपला तर? तेव्हा तुमचं नैतिक समाधान कुणाला सोडणार रानात?

झटपट

मुलांना प्राणी कळायला ते जिवंत दाखवावे लागतात म्हणे. पण मुलांना डायनोसॉर तोंडपाठ असतात, एकही जिवंत पाहिलेला नसतो. एवढं बोलून खाली बसतो.

तिरपांगडा

या विषयावर डायनोसॉर न येता धागा पूर्ण झाला तर मी माझं नाव बदलीन.

पानगळ

बोरू, मुद्दा घेतला, धन्यवाद.

खारूताई, तुमची यादी खरी आहे आणि त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण त्या यादीत हत्ती कुठे आहे? ओर्का कुठे आहे? कॉन्डॉरच्या पिल्लाला कॉन्डॉरच्या डोक्याची बाहुली हातात चढवून भरवता येतं आणि ते तरीही कॉन्डॉर होतं. हत्तीच्या पिल्लाचं तसं नाही. पाऊस न झालेल्या वर्षी पाणी कुठे सापडतं हे कळपातल्या म्हातारीला माहीत असतं, पिल्लू तिच्यामागे चालून ते शिकतं. ओर्काच्या प्रत्येक घराण्याच्या हाका वेगळ्या, शिकारीच्या तऱ्हा वेगळ्या. काही समुद्रात सील धरायला किनाऱ्यावर स्वतःला झोकून देतात आणि पिल्लांना तेच शिकवतात. ही विद्या एक पिढी तुटली की गेली. बंदिवासात आपण जनुकं राखतो, हत्तीपण राखत नाही. गोरिला परत सोडल्याची उदाहरणं काँगो आणि गॅबनमध्ये आहेत, पण मूठभर, आणि एकेकामागे वर्षानुवर्षं माणसं राबलीत.

रानातला हत्ती संपण्याची भीती असेल तर पैसा रानात घाला. हत्तींचं नवं आवार बांधायला लागतो त्या पैशात त्यांच्या येण्याजाण्याच्या किती वाटा राखता येतील ते बघा.

चारापाणी

मी हत्तींच्या आवारात काम केलेलं आहे. कुठे, ते सांगत नाही. धागा वाचून वाटलं की थोडं आतलं लिहावं.

पहिली गोष्ट, डोलणाऱ्या हत्तिणीबद्दल. लोक बाहेरून बघतात आणि म्हणतात, बघा किती दुःखी आहे. असेलही. पण डोलणं, म्हणजे ज्याला स्टिरिओटिपी म्हणतात ते, बऱ्याचदा जुना व्रण असतो. लहानपणी साखळीला असताना लागलेलं डोलणं मोठ्या आवारात आणल्यावरही राहतं. आमच्याकडची एक खाणं यायच्या वेळी डोलायची, एरवी नाही. तेव्हा नुसत्या डोलण्यावरून आजच्या किपरला दोष देऊ नका. आणि न डोलणारी सुखी आहे असंही समजू नका. नुसती उभी राहणारी, काही न करणारी हत्तीण मला जास्त काळजीची वाटते.

दुसरी गोष्ट पायांची. हत्तीचं सगळं पायात आहे. रानात तो चालून नखं झिजवतो, आमच्याकडे आम्ही कानसीने घासतो. रोज पाय वर घ्यायला लावायचा, तळवा साफ करायचा, भेग दिसली की औषधी पाण्यात बुडवायचा. पूर्वी हे अंकुशाच्या धाकाने होई. आता चांगल्या ठिकाणी मधे गजांची आड असते, काठीच्या टोकाला चेंडू लावलेला असतो, हत्तीण आपण होऊन पाय पुढे करते आणि बक्षीस घेते. मनात नसेल तर निघून जाते, आणि तिला जाऊ देतात. हा बदल लहान नाही.

आता मूळ मुद्दा. पानगळ म्हणतात पिल्लं होऊ देऊ नका. बोलायला सोपं. हत्तिणीचं शरीर असं आहे की पोटात पिल्लू बावीस महिने, मग वर्षानुवर्षं दूध. रानातली हत्तीण मोठ्या वयात सारखी माजावर येतच नाही, कारण ती गाभण असते नाहीतर दूध पाजत असते. बंदिवासात पिल्लू होऊ न दिलेली हत्तीण दर चार-एक महिन्यांनी माजावर येत राहते. त्याचा परिणाम गर्भाशयात गाठी, बीजकोशात गळवं. पुढे पाळी-चक्रच बंद पडतं आणि तिला कधीच पिल्लू होऊ शकत नाही. म्हणजे 'प्रजनन थांबवा' हीसुद्धा तिच्या शरीराशी केलेली ढवळाढवळच आहे.

आणि कळपाचं काय? पिल्लू झालं की सगळ्या हत्तिणी बदलतात. मावश्या धावतात, लहान मुली पिल्लू सांभाळायला शिकतात, म्हाताऱ्या मधे पडतात. तुम्ही म्हणताय ती शेवटची पिढी म्हणजे तीस-चाळीस वर्षं म्हाताऱ्या होत जाणाऱ्या चार हत्तिणी, आणि शेवटी एक. त्या शेवटच्या एकीचं काय करायचं ते आजच सांगा.

एक विषाणूचंही सांगतो, कारण तो कुणी काढत नाही. हत्तींचा हर्पीस आशियाई हत्तीच्या पिल्लांना मारतो. लक्षणं दिसल्यावर कधी एका दिवसात पिल्लू जातं. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या संग्रहालयात एक पिल्लू गेलं, तिथून तपास सुरू झाला आणि १९९९ मध्ये हा विषाणू नीट ओळखला गेला. रानातली आणि हत्ती-छावण्यांतली पिल्लंही त्यानेच मरतात हे नंतर कळलं. २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यावरची नवी लस पहिल्यांदा टोचली. ही लस उद्या छावणीतल्या पिल्लांना लागेल. हे ज्ञान आवारातल्या पिल्लांमुळेच मिळालं.

खारूताई

चारापाणी यांच्या प्रतिसादाला +१. असं लिहीत जा हो.

अर्धविराम

कायद्याच्या बाजूने थोडं. विषय निघाला की हॅपी या हत्तिणीचं नाव येतंच, तेव्हा मीच काढतो.

२००५ साली न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या संग्रहालयात तीन हत्तिणींसमोर मोठा आरसा ठेवला. हॅपीच्या कपाळावर पांढरी फुली काढली होती. ती आरशात पाहून सोंडेने स्वतःच्या कपाळावरची फुली पुन्हा पुन्हा चाचपू लागली. हत्ती स्वतःला ओळखतो याचा हा गाजलेला पुरावा, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर हीच हॅपी बरीच वर्षं इतर हत्तिणींपासून वेगळी राहिली. तिच्यासाठी हेबियस कॉर्पसचा (बेकायदा डांबलेल्याला सोडवण्याचा) अर्ज झाला आणि थेट न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. जून २०२२ मध्ये ५ विरुद्ध २ असा निकाल लागला: हा हक्क माणसांसाठी आहे. दोन न्यायाधीशांनी, विल्सन आणि रिव्हेरा यांनी, विरोधी मत लिहिलं. त्यांचा रोख असा की हॅपी माणूस आहे का हा प्रश्नच नाही. तिला असं डांबून ठेवणं न्याय्य आहे का एवढं तपासायला न्यायालयाला कुणी अडवलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोलोरॅडोतल्या पाच हत्तिणींच्या बाबतीतही निकाल विरोधातच गेला.

दक्षिण अमेरिकेत मात्र दार उघडलं. अर्जेंटिनातल्या मेंडोसाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये सेसिलिया या चिंपांझीचा अर्ज मान्य केला आणि पुढच्या वर्षी ती ब्राझीलमधल्या सँक्च्युअरीत (आश्रयस्थानात) गेली.

माझं मत विचाराल तर न्यायालय ही यासाठी चुकीची जागा आहे. एकेक हत्तीण सोडवत बसाल तर जन्म जाईल. धोरणाने झालेलं काम जास्त पसरतं. भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच आदेश काढला की संग्रहालयं आणि सर्कशीतले हत्ती छावण्यांत, अभयारण्यांत हलवा. २०१३ मध्ये डॉल्फिनचे खेळ उभारायलाच मनाई झाली. दुसरा आदेश लागू झाला कारण तेव्हा इथे डॉल्फिनचे तलाव नव्हतेच, त्यात कुणाचं काही अडकलेलं नव्हतं. पहिल्याचं काय झालं? बऱ्याच संग्रहालयांत हत्ती त्यानंतरही राहिले. कागद निघाला म्हणजे हत्ती हलला असं होत नाही.

एकांडी

अर्धविराम, त्या राहिलेल्यांपैकी एकाचं सांगते. दिल्लीचा शंकर. आफ्रिकन हत्ती. १९९८ मध्ये झिम्बाब्वेने राष्ट्रपतींना भेट म्हणून दोन पिल्लं पाठवली. त्यातलं दुसरं २००१ मध्ये गेलं. त्यानंतर शंकरला स्वतःच्या जातीची सोबत कधी मिळाली नाही. २०२४ मध्ये संग्रहालयांच्या जागतिक संघटनेने दिल्लीचं सदस्यत्व निलंबित केलं, तेव्हा कुठे त्याच्या पायातल्या साखळ्यांची चर्चा झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेला.

इस्लामाबादचा कावन तसाच, श्रीलंकेकडून १९८५ मध्ये भेट आलेला. त्याची सोबतीण सहेली २०१२ मध्ये मेली, तो आठ वर्षं एकटा राहिला. न्यायालयाने २०२० मध्ये आदेश दिला आणि त्याच नोव्हेंबरात तो विमानाने कंबोडियाला गेला.

दोन्ही भेटी. देशांना मैत्री दाखवायची होती, ती दाखवून झाली, छायाचित्रं निघाली, आणि उरलेली तीस-चाळीस वर्षं त्या हत्तीची. प्रजनन थांबवायचं की नाही यावर इथे मतभेद असतील, पण हत्ती भेट द्यायची पद्धत तरी उद्यापासून बंद करायला कुणाची हरकत आहे?

तिरपांगडा

एकांडी, याला माझीही हरकत नाही. नोंद घ्यावी, मी सहमत झालो आहे.

दुपारवारा

मला धाग्याच्या पायाबद्दलच शंका आहे. 'हुशार' प्राणी म्हणून यांना सवलत. का? हुशारी ही माणसाने लावलेली पट्टी आहे, आणि ती पुन्हा पुन्हा तोंडघशी पडते. आरशाची परीक्षा म्हणाल तर २०१९ मध्ये क्लीनर रास नावाच्या बोटभर माशानेही ती दिली. स्वतःच्या गळ्यावरची खूण आरशात बघून तो ती घासून काढू लागला. आता काय, मत्स्यालयं रिकामी करायची? ऑक्टोपसचं काय? २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या नेपियरमधून इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीच्या उघड्या राहिलेल्या झाकणातून निघाला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या नळीतून समुद्रात पसार झाला. त्याने तर अर्जही केला नाही.

चेहरा ओळखीचा वाटतो, डोळे बोलके आहेत, म्हणून हत्ती आणि एप. मगरीबद्दल कोण धागा काढणार?

पानगळ

दुपारवारा, गुण देऊन वरच्या क्रमांकाच्यांना सोडा असं मी म्हणत नाही. हुशारी कशासाठी आहे ते बघा. हत्तीचं डोकं दूरवरचे रस्ते, शेकडो नातेवाईक, कोरडी वर्षं लक्षात ठेवण्यासाठी घडलेलं आहे. ते काम काढून घेतलं की डोकं रिकामं राहत नाही, दुसरीकडे लागतं. स्वीडनच्या फुरुविक संग्रहालयातला सांतिनो हा चिंपांझी सकाळी शांतपणे दगड गोळा करून ढीग लावायचा आणि दुपारी प्रेक्षक आले की फेकायचा. नियोजनाचं उत्तम उदाहरण म्हणून २००९ मध्ये त्याच्यावर निबंध आला. ओमाहाचा फू मांचू हा ओरांगउटान १९६८ मध्ये तारेचा तुकडा तोंडात लपवून ठेवायचा आणि त्याने कुलूप उघडून सगळ्यांना बाहेर काढायचा. हे किस्से आपण कौतुकाने सांगतो. मला ते कैफियतीसारखे वाटतात.

(सांतिनोचा शेवटही सांगायला हवा. डिसेंबर २०२२ मध्ये फुरुविकचे चिंपांझी आवाराबाहेर पडले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मेलेल्यांत तो होता.)

मगर तासन्‌तास पडून राहते ती रानातही. तिला त्या जागेत काय कमी पडतं हे वेगळं तपासावं लागेल, आणि तपासावं. पट्टी हुशारीची नको, गरजेची लावा, मान्य. माझी यादी फारशी बदलत नाही.

दुपारवारा

ध्रुवीय अस्वल राहिलं, ओर्का राहिला, एप राहिले. वाघ का नाही मग? टापू त्याचाही मोठा. ही यादी तुमच्या आवडीची वाटते. असो, गरजेची पट्टी बरी आहे.

खारंवारं

ओर्काबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. पानगळ विचारतात ती 'शेवटची पिढी' ओर्कांमध्ये आधीच आली आहे. टिलिकम नावाचा नर १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडला. तीन माणसांच्या मृत्यूशी त्याचं नाव जोडलं गेलं, त्यातली शेवटची २०१० मध्ये सीवर्ल्ड या अमेरिकन सागरी उद्यानाची प्रशिक्षक. मग लोकमत फिरलं आणि मार्च २०१६ मध्ये सीवर्ल्डने ओर्कांचं प्रजनन बंद केल्याचं जाहीर केलं. टिलिकम दहा महिन्यांनी गेला.

म्हणजे हे करता येतं. पण पुढचंही ऐका. 'सोडून द्या' म्हणणाऱ्यांनी केइको हा ओर्का आठवावा. आइसलँडलाच पकडलेला, मोठा खर्च करून पुन्हा तिथे नेला, २००२ मध्ये तो मोकळ्या समुद्रातून नॉर्वेला पोचला आणि तिथल्या फ्योर्डात माणसांच्या होड्यांमागे फिरू लागला. डिसेंबर २००३ मध्ये मेला. रानातल्या ओर्कांत तो मिसळला नाही. १९७० मध्ये पकडलेली टोकिटाए ऑगस्ट २०२३ मध्ये मायामीच्या टाकीतच गेली, तिला घरच्या पाण्यात नेण्याची तयारी चालू असताना.

आणि बंदी घालून मोकळे झालेल्यांचं बघा. फ्रान्सने २०२१ मध्ये कायदा केला, अँटिबचं सागरी उद्यान जानेवारी २०२५ मध्ये बंद झालं. प्रेक्षक गेले, विकी आणि तिचा मुलगा केइजो टाकीतच राहिले, कारण कुठे न्यायचं हे ठरेना. कॅनडात २०१९ चा कायदा आहे. तिथल्या एका बंद पडलेल्या उद्यानात २०२५ मध्ये ३० बेलुगा (पांढरे देवमासे) उरले होते. चीनला पाठवायची परवानगी मागितली, सरकारने नाकारली. कारण योग्य होतं, तिथे पुन्हा खेळच करावे लागले असते. त्यावर उद्यानाने दयामरणाची भाषा काढली. समुद्रात जाळी लावून मोठा कोपरा अडवायची कल्पना चांगली आहे, पण तो कोपरा बंदीच्या आधी तयार पाहिजे. कायदा करणाऱ्यांना टाळ्या कायद्याच्या दिवशी मिळतात. गाळणी-पंपाचा खर्च पुढची तीस वर्षं कुणीतरी भरायचा असतो.

बोरू

खारंवारं यांचा प्रतिसाद आवडला. हत्तींच्या बाबतीत ही सोय निदान आहे. डेट्रॉइटच्या संग्रहालयाने विंकी आणि वांडा या हत्तिणी २००५ मध्ये आपण होऊन कॅलिफोर्नियातल्या सँक्च्युअरीला दिल्या. कारण स्पष्ट सांगितलं, की इथली थंडी आणि जागा त्यांना मानवत नाही. टोरंटोच्या तिघी २०१३ मध्ये गेल्या. हत्ती गेले म्हणून डेट्रॉइटचं संग्रहालय ओस पडलं नाही.

पानगळ

चारापाणी, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. शेवटच्या हत्तिणीचं काय? बोरूंनी लिहिलं तेच. दोन-दोन, तीन-तीन हत्ती पंचवीस ठिकाणी म्हातारे करण्यापेक्षा सगळे दोन-चार मोठ्या जागी आणा. मग शेवटची एक फार उशिरा उरेल. हलवण्याचा फटका बसतो हे बोरूंनीच सांगितलंय, तो एकदाच बसेल.

गाठींचा मुद्दा मला खरोखर माहीत नव्हता आणि तो जड आहे. पण मग दुसऱ्या बाजूचाही हिशोब करा. हत्तिणीच्या तब्येतीसाठी, कळपाच्या सुखासाठी पिल्लू होऊ दिलं. ते नर निघालं तर?

चारापाणी

हा प्रश्न कुणी विचारू नये असं मला वाटत होतं.

निम्मी पिल्लं नर. रानात तो बारा-पंधरा वर्षांचा झाला की कळप सोडतो. आवारातही त्याच सुमारास आई आणि मावश्या त्याला दूर करायला लागतात. मदावर आलेल्या नराला सांभाळायचं तर गजांची जाडी वेगळी, दारं यंत्राची, माणसं तयारीची. असं आवार असलेली ठिकाणं कमी. एका नरावर बऱ्याच माद्यांचं भागतं, म्हणून बाकीचे नर कुणालाच नको असतात. तरुण नरांचे गट करून ठेवण्याचे प्रयोग चालू आहेत, काही चांगले जमलेत. न जमलेला नर एकटा राहतो. आयुष्यभर.

अर्धविराम

युरोपात याचं दुसरं उत्तर आहे आणि ते ऐकायला कडू आहे. पिल्लं होऊ द्यायची, कारण वाढवणं ही आईबापांची नैसर्गिक गरज, आणि जास्तीची झाली की मारायची. कोपनहेगनने फेब्रुवारी २०१४ मध्ये दीड वर्षांच्या जिराफाला असंच मारलं, जगभर गदारोळ झाला. न्यूरेंबर्गने जुलै २०२५ मध्ये १२ गिनी बॅबून माकडं मारली, जागा पुरत नव्हती म्हणून. तर्काने बघाल तर चारापाणींच्या मुद्द्याचं हे शेवटचं टोक आहे.

चारापाणी

तर्काने असेल. हत्तीच्या बाबतीत ते कोणी करणार नाही, करू धजणार नाही. मीही नाही.

पानगळ

म्हणूनच म्हणतो. मारणार नाही, सोडता येत नाही, ठेवायला जागा नाही. तरी जन्माला घालायचा?

चारापाणी

सगळीकडे नाही. माझं म्हणणं असं. जिथे तीन पिढ्यांच्या माद्या एकत्र आहेत, मुलीला आईपासून तोडत नाहीत, आणि नर पंचविशीचा होईल तेव्हा तो कुठे असेल हे पिल्लू पोटात राहण्याआधी लिहून दिलेलं आहे, तिथे होऊ द्या. बाकीच्यांनी हत्ती ठेवूच नयेत. मी काम केलं ती जागासुद्धा या 'बाकीच्यां'त येते.

खारूताई

अशा जागा कितीशा असतील?

चारापाणी

थोड्या. नर लिहून द्यायची अट घातली की आणखी थोड्या.

तिरपांगडा

म्हणजे पानगळ म्हणतात तेच, फक्त गजांच्या आतून.

चारापाणी

नाही. पानगळ दार बंद करतायत, मी अट घालतोय. अट पाळणारा निघाला तर त्याच्याकडे पिल्लू होईल आणि मी ते बघायला जाईन. एप आणि ओर्काबद्दल मी बोलत नाही, ते काम मी केलेलं नाही. तिथे केलेलं कुणी इथे असेल तर लिहा.